अरण्यातले डोळे

शास्त्रपाठ : गणना १०:२९–३३, याकोब ४:१३–१५





गेले दोन महिने आम्ही उभयता अमेरिकेत, लॉस एंजलिस शहराजवळ, आमच्या मुलाच्या घरी राहत आहोत. वडोदऱ्याच्या मंडळीतले सोबती फोनवर विचारतात, "तिकडे काय काय पाहिले?" सध्या आम्ही पाहतो आहोत तो जेवणाच्या टेबलावर पसरलेला एक नकाशा. येत्या जानेवारीत मुलगा, सूनबाई, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघे असे पाच जण मोटारीने अरण्यात जाणार आहोत.

अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडी येते. शब्बाथशाळेत इस्राएल लोकांचा प्रवास शिकवताना मुलांना चित्र काढायला सांगावे, तर पाटीवर हमखास वड, पिंपळ आणि एखादा वाघ उमटतो. मराठी शास्त्रातले ते अरण्य निराळे आहे. तेथे पाणी नाही, सावली नाही, वस्ती नाही. तशीच भूमी येथे अनेक राष्ट्रीय उद्यानांत राखून ठेवलेली आहे, आणि ती पाहण्याचा काळ हिवाळा हाच होय. डेथ व्हॅली नावाच्या दरीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगातील अधिकृत उच्चांक म्हणून आजही तेच मानतात. जानेवारीत त्याच ठिकाणी दुपारी एकोणीस अंशांच्या आसपास हवा असते.

मुलाने पहिला बेत मोठ्या उत्साहाने आखला. एका आठवड्यात चार उद्याने: कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली, ॲरिझोनातील सग्वारो, आणि न्यू मेक्सिकोतील पांढऱ्या वाळूचे व्हाइट सँड्स. आम्ही बोटाने अंतरे मोजली. जाऊन येऊन सुमारे दोन हजार मैल भरले, म्हणजे तीन हजार दोनशे किलोमीटर. मग आमचे प्रश्न सुरू झाले. पाणी किती घ्यायचे? पेट्रोल कुठे मिळेल? मोटार बंद पडली तर काय करायचे? तिसऱ्या संध्याकाळी मुलगा हसून म्हणाला, "आई, बाबा, जन्मभर तुम्ही आम्हांला देवावर भाव ठेवायला शिकवलेत. मग आता एवढी काळजी कसली?"

प्रश्न थट्टेने विचारलेला होता, पण आम्हांला तो लागला. त्या रात्री झोपण्यापूर्वी आम्ही गणनेचा दहावा अध्याय उघडला.

इस्राएल लोक सीनाय सोडून निघाले आहेत. त्यांच्यावर मेघ आहे. तो उठला की निघायचे, थांबला की तळ द्यायचा. कराराचा कोश तीन दिवसांची मजल पुढे चालून त्यांच्यासाठी विसाव्याचे ठिकाण शोधतो. ह्याहून खात्रीचा वाटाड्या कोणता हवा? तरीही ह्याच अध्यायात मोशे आपल्या सासऱ्याच्या मुलाला, होबाब मिद्यानी ह्याला, बरोबर चलण्याची विनंती करतो. होबाब नाही म्हणतो. त्याला आपल्या देशी परत जायचे आहे. मोशे पुन्हा गळ घालतो. ह्या अरण्यात तळ कुठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. मेघ डोक्यावर असताना मोशे माणसाचे डोळे मागतो, आणि परमेश्वर त्याला त्याबद्दल दोष देत नाही.

होबाबाने शेवटी काय उत्तर दिले ते येथे लिहिलेले नाही. परंतु पुढे शास्ते १:१६ मध्ये मोशेच्या सासऱ्याच्या कुळातले केनी लोक यहूदाच्या वंशजांबरोबर चालताना दिसतात. त्यावरून वाटते की विनंती वाया गेली नाही.

प्रियजनहो, मेघ आणि होबाब ही दोन्ही देवाचीच देणगी आहे. आमच्या नकाशावरून ह्या गोष्टीचे तीन धडे आम्हांला मिळाले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला धडा : वाट जाणणाऱ्याला सोडू नये

डेथ व्हॅली म्हणजे मृत्यूची दरी. हे नाव कसे पडले ती हकिगत ऐकण्याजोगी आहे. १८४९ साली सोन्याच्या आशेने हजारो लोक कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. त्यांतला एक मोठा तांडा सॉल्ट लेककडून दक्षिणेच्या जुन्या वाटेने येत होता. जेफरसन हंट नावाचा वाटाड्या त्यांच्याबरोबर होता, आणि ती वाट त्याने पूर्वी तुडवलेली होती. पण वाट लांबची, चाल मंद. अशात एक हाताने काढलेला कच्चा नकाशा लोकांच्या दृष्टीस पडला. त्यात डोंगरांतून सरळ पश्चिमेला जाणारी जवळची वाट दाखवली होती. बहुतेक गाड्यांनी वाटाड्याला सोडले आणि नकाशा धरला. पुष्कळांना लवकरच चूक उमगली व ते परत फिरले. काही मात्र पुढेच गेले. त्या वर्षीच्या नाताळाच्या सुमारास ते थकलेले, उपाशी, ह्या दरीत येऊन पोहोचले. काहींनी गाड्या मोडून त्यांच्या लाकडांवर बैलांचे मांस सुकवले आणि पायी वाट धरली. बाहेर पडताना त्यांच्यापैकी कोणी मागे वळून मृत्यूची दरी म्हणून तिचा निरोप घेतला आणि तेच नाव राहिले, असे सांगतात.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच दरीत टिंबिशा शोशोनी नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. हिवाळ्यात ते खाली दरीत उतरत, उन्हाळ्यात उंच डोंगरावर जात. झरे कुठे आहेत, कोणत्या झुडपाच्या शेंगा कधी पिकतात हे त्यांना ठाऊक होते. टिंबिशा हे नाव त्या भूमीतल्या तांबड्या मातीवरून आलेले आहे. परक्यांनी जिला मृत्यूचे नाव दिले, तिला घरच्यांनी तांबड्या मातीच्या नावाने ओळखले. १९३३ मध्ये सरकारने ही भूमी संरक्षित केली, तेव्हा तेथे राहणाऱ्यांचा विचार झाला नाही. १९८३ मध्ये त्यांच्या जमातीला सरकारी मान्यता मिळाली आणि २००० साली कायद्याने त्यांच्या भूमीचा काही भाग त्यांना परत देण्यात आला. आजही त्यांची वस्ती दरीत आहे.

होबाब इस्राएली नव्हता, तो मिद्यानी होता. अरण्याचे ज्ञान देवाने त्याच्यापाशी ठेवले होते आणि मोशेला ते मागून घ्यावे लागले. आपल्याला देवाची वचने दिलेली आहेत म्हणून सगळेच ज्ञान आपल्यापाशी आहे असे समजण्याचा मोह मंडळीला वारंवार होतो. ज्याची वाट आहे त्याला नम्रतेने विचारणे हेही देवभीरू माणसाचे लक्षण आहे.

दुसरा धडा : पाण्याचा हिशेब हा भावाचाच भाग आहे

उद्यानाचे रेंजर प्रवाशांना सांगतात की दर माणशी दर दिवशी निदान एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर, पाणी जवळ ठेवा. पाच माणसांना दिवसाला वीस लिटर झाले. जोशुआ ट्रीच्या आतल्या भागात पाणी, पेट्रोल, अन्न काहीही मिळत नाही. सारे बाहेरच्या गावांतून भरून न्यावे लागते. डेथ व्हॅलीचे क्षेत्रफळ गोव्याच्या साडेतीन पटींहून अधिक आहे आणि पेट्रोल मिळण्याची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बऱ्याच भागांत फोन लागत नाही, म्हणून फोनमधल्या नकाशावर विसंबू नये, कागदाचा नकाशा ठेवावा. आपण कुठे जातो आणि कधी परतणार हे घरी कोणाला तरी सांगून ठेवावे. मोटार बंद पडली तर ती सोडून चालत सुटू नये, कारण शोधणाऱ्यांना माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. हिवाळ्यात दिवस लहान. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जोशुआ ट्रीचा पुष्कळ भाग उंचावर आहे, तेथे रात्री पाणी गोठते. म्हणून पाण्याबरोबर पांघरुणेही हवीत.

हे सारे वाचून मुलासारखेच आपणही म्हणाल, की एवढे केल्यावर देवासाठी काय उरले? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आम्ही चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नाही.

१९८६ च्या एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्यावर शब्बाथशाळेची मुले घेऊन आम्ही कच्छच्या लहान रणाच्या कडेला सहलीस गेलो होतो. एकतीस मुले, एक बस. पाण्याचे दोन माठ घेतले होते. एका वडील भावाने निघताना विचारले, "एवढे पुरेल का?" आम्ही म्हणालो, "देव पाहून घेईल." निघताना प्रार्थना केली, गीते गायली. दुपारी रणाच्या तोंडाशी बस बंद पडली. चालक मदत आणायला गेला तो तीन तास आला नाही. माठ तासाभरातच रिकामे झाले. चारही दिशांना पांढरे मीठ आणि ऊन. सात वर्षांची एक मुलगी आधी रडत होती, मग रडायची थांबली. तिचे ओठ सुकले आणि मान खाली पडली. तिला मांडीवर घेऊन आम्ही बसलो, आणि आमच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटेना.

दूर मिठागरात एक झोपडी दिसत होती. आमच्यापैकी एक जण तेथवर धावत गेला. ती अगरिया लोकांची झोपडी होती. हे लोक हिवाळा-उन्हाळा रणात राहून मीठ पिकवतात. त्यांच्या पायाखाली खारे पाणी असते. पिण्याचे पाणी बाहेरून टाकीने येते आणि पुन्हा कधी येईल त्याचा नेम नसतो. त्या घरच्या बाईने काही विचारले नाही. पिंपातले पाणी दोन हंड्यांत भरले, एक स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि आमच्याबरोबर चालत आली. मुलीच्या ओठांना तिनेच ओल्या पदराने पाणी लावले. मुलगी वाचली. एकतीसही मुले पाणी प्यायली. त्या पाण्यावाचून तिच्या घरच्यांचे पुढचे दिवस कसे गेले असतील, हा विचार आमच्या मनात त्या वेळी आलाही नाही. तिचे नावसुद्धा आम्ही विचारले नाही.

परतल्यावर मंडळीच्या वार्षिक सभेत आम्ही अहवाल वाचला. त्यात लिहिले होते, सहल देवकृपेने सुखरूप पार पडली. सर्वांनी उपकारस्तुती केली. बंधूंनो, ते वाक्य खोटे नव्हते, पण त्यात आमचे पाप लपवलेले होते. मुलांच्या आईबापांना आम्ही खरे सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. देवाची स्तुती आम्ही पांघरूण म्हणून वापरली.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. त्यासाठी तो शास्त्रवचनच पुढे करतो, की देवदूत तुला झेलतील. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर भाव ठेवणे ह्यांतला भेद प्रभूने त्या ठिकाणी कायमचा ठरवून दिला. दोन माठ घेऊन एकतीस लेकरांना रणात नेणे ही शिरोभागावरून टाकलेली उडीच होती. फरक एवढाच, की आम्ही इतरांच्या लेकरांना हाती धरून ती टाकली.

आणि देवासाठी काय उरले? वीस लिटर पाणी आम्ही भरले तरी पाणी आम्ही निर्माण केलेले नाही. ते मोजताना आम्ही किती परावलंबी आहोत हे दर लिटरला कळते. हिशेब करणाऱ्याचे गुडघे लवकर टेकतात.

तिसरा धडा : आजची वाट आज विचारावी

डेथ व्हॅलीत वर्षाला साधारण दोन इंच पाऊस पडतो. २० ऑगस्ट २०२३ रोजी एका वादळाच्या अवशेषाने एका दिवसात दोन इंचांहून अधिक पाऊस पाडला. रस्ते वाहून गेले. उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. १५ ऑक्टोबरला त्याचा काही भाग उघडला. समुद्रसपाटीहून ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटर येथील मिठाच्या पटांगणावर तळे साचले आणि पुढच्या वसंतापर्यंत टिकले. आदल्या वर्षीच्या नकाशावर जेथे सडक होती तेथे घळ झाली, आणि जेथे मीठ होते तेथे पाणी आले. म्हणूनच रेंजर सांगतात की निघण्याच्या दिवशी पुन्हा चौकशी करा. काल उघडी असलेली वाट आज बंद असू शकते.

याकोब नेमके हेच शिकवतो. अमक्या नगरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू असे म्हणणाऱ्यांना तो उद्याची आठवण देतो, आणि प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणायला सांगतो. बेत करू नका असे तो म्हणत नाही. बेतावर प्रभूची सही घ्या, एवढेच त्याचे म्हणणे आहे. मेघसुद्धा महिन्याचा मार्ग एकदम दाखवत नव्हता. रोज सकाळी तंबूच्या दाराशी येऊन मान वर करावी लागत असे.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आम्ही मुलाला रणाची गोष्ट सांगितली. तो त्या बसमध्ये होता, चार वर्षांचा. त्याला काहीच आठवत नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आपल्या मुलीकडे पाहिले, पेन्सिल घेतली आणि नकाशावरची दोन उद्याने खोडली. सग्वारो आणि व्हाइट सँड्स राहिले. आता पाच दिवसांत जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली एवढेच पाहायचे आहे. अंधार पडल्यावर मोटार चालवायची नाही. तीन दिवस पुरेल असे साठ लिटर पाणी घ्यायचे आणि गाव लागेल तेथे पुन्हा भरायचे.

नातीला जोशुआ ट्री हे नाव फार आवडले आहे, कारण जोशुआ म्हणजे आपला यहोशवा. मॉर्मन पंथाच्या वसाहतवाल्यांना ह्या झाडाच्या वर उचललेल्या फांद्या पाहून यहोशवाचे पसरलेले हात आठवले आणि त्यांनी हे नाव दिले, अशी समजूत आहे. ह्या झाडाची एक खरी गोष्ट आम्ही तिला सांगितली. एका लहानशा पतंगाने पराग पोहोचवल्याखेरीज त्याला बीज धरत नाही, आणि त्या पतंगाची पिल्लेही त्याच्या बियांवरच वाढतात. अरण्यात कोणी एकटा तगत नाही.

शेवटी १८४९ च्या त्या वाट चुकलेल्यांची उरलेली हकिगत सांगतो. दरीत अडकलेल्या काही कुटुंबांत लहान मुले होती. विल्यम लुईस मॅनली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणण्यासाठी पायी निघाले. सुमारे अडीचशे मैल चालून ते लॉस एंजलिसजवळच्या वस्तीला पोहोचले. तेथे अन्न होते, विसावा होता. परत जाण्याची सक्ती कोणी केली नसती. पण ते अन्नसामग्री घेऊन पुन्हा त्याच वाटेने दरीत उतरले. निघाल्यापासून जवळजवळ चार आठवड्यांनी ते परत आले आणि थांबून राहिलेल्या कुटुंबांना बाहेर घेऊन गेले. २०२३ मध्ये बॅडवॉटरला तळे साचले तेव्हा लोक त्याला लेक मॅनली म्हणत होते. प्राचीन काळी त्या दरीत जे मोठे सरोवर होते, त्याला पूर्वीच मॅनलीचे नाव दिलेले आहे.

जो स्वतः सुटला असून दुसऱ्यांसाठी मृत्यूच्या दरीत उतरतो, त्याच्याविषयी ख्रिस्ती माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपला प्रभू आपल्यासाठी असाच उतरला, आणि आपणांला घेऊन वर आला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. पुढील सहलीपूर्वी प्रार्थना करा, आणि प्रार्थनेपूर्वी पाणी मोजा. वाटेवरच्या माणसांना विचारा, आणि त्यांची नावेही विचारा. काही चुकले तर अहवालात खरे लिहा. मुलांना भाव शिकवायचा असेल, तर आपली चूक कबूल करणारा शिक्षक त्यांना दिसला पाहिजे.

आमच्या नकाशाशेजारी नातीने एक यादी केली आहे: पाणी, पांघरुणे, बॅटरी, कागदाचा नकाशा, शेजाऱ्यांना देण्याची चिठ्ठी. यादीच्या अगदी वर, तिच्या आजीच्या सांगण्यावरून, तिने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: प्रभूची इच्छा असेल तर.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू मेघ देतोस आणि होबाबही देतोस, ह्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. तुझ्या नावाखाली आम्ही केलेल्या निष्काळजीपणाची आम्हांला क्षमा कर. मिठागरातल्या त्या बहिणीला, जिचे नाव आम्हांला ठाऊक नाही पण तुला ठाऊक आहे, एका प्याल्याचेही प्रतिफळ न विसरणाऱ्या तुझ्या पुत्राच्या वचनाप्रमाणे आशीर्वाद दे. आमच्या लेकरांच्या वाटेवर त्यांना पाणी, सोबती आणि जाणती माणसे मिळू दे. प्रभु येशूच्या नावात मागतो. आमेन.